खिशातील घराची झडती

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत पोलिसाने हटकले आणि वाहनाचा परवाना मागितला, तर तो मुकाट्याने दाखवतो. गाडीची डिकी उघडावयास सांगितली तर तीही उघडतो. परंतु त्याच पोलिसाने हात पुढे करून ‘फोन उघडा आणि इकडे द्या’ असे फर्मावले, तर त्या प्रवाशाने काय करावे? नकार देण्याचा त्याला हक्क आहे काय? नकार दिल्यास तो गुन्हा ठरतो काय? आणि फोन दिलाच, तर त्यात पोलिसाने काय पाहावे व कोठे थांबावे, हे कोणी ठरवावयाचे? भारताची राज्यघटना अमलात येऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी इतक्या साध्या प्रश्नांना आपला कायदा स्पष्ट शब्दांत उत्तर देत नाही. ही उणीव यापुढे चालू देणे राज्याला शोभणारे नाही आणि नागरिकांना परवडणारे तर नाहीच नाही.

हा प्रश्न आम्ही कल्पनेने निर्माण केलेला नाही. २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात हैदराबादच्या रस्त्यांवर पोलिसांनी दुचाकीस्वार तरुणांना थांबवून त्यांचे फोन उघडावयास लावले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणांत गांजाचा शब्द सापडतो का, याचा शोध चालवला. त्या तरुणांवर कोणताही आरोप नव्हता. ते रस्त्याने जात होते, एवढाच त्यांचा अपराध. त्याचे चित्रीकरण लोकांसमोर आले तेव्हा काही काळ गदारोळ झाला आणि मग सारे शांत झाले. जे हैदराबादच्या रस्त्यावर घडू शकते ते पुण्याच्या चौकात, साताऱ्याच्या नाक्यावर किंवा पाचगणीच्या घाटात घडू शकणार नाही, अशी हमी आज कोणीही देऊ शकत नाही. अडवणारा अधिकारी सज्जन असला तर प्रवासी सुखरूप सुटेल. परंतु नागरिकांचे स्वातंत्र्य अधिकाऱ्याच्या सज्जनपणावर अवलंबून ठेवावयाचे असते, तर घटना लिहिण्याचा खटाटोप कोणी केलाच नसता.

येथे एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. पोलिसांनी फोनातील मजकूर कधीच पाहू नये, असे आमचे म्हणणे नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी आणि सीमेपलीकडे बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषण पोलिसांनी टिपून घेतले, म्हणून त्या कटाची मुळे न्यायालयापुढे उघडी करता आली. आज बँकेचे खाते रिकामे करणारा भामटा फोनवरूनच हात मारतो; लहान मुलांना जाळ्यात ओढणारा नराधम फोनाच्याच आडून वावरतो. सातारा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करावी लागली. अशा प्रसंगी तो मजकूर कोणी लिहिला, कोणाच्या फोनवरून तो निघाला आणि कोणी तो पसरवला, हे शोधून काढणे पोलिसांचे कर्तव्यच आहे. त्या कर्तव्याच्या आड येण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही झडती कायद्याने, लेखी हुकुमाने आणि ठरावीक हद्दीत झाली पाहिजे. हद्द नसलेली झडती हा तपास नव्हे. ती लूट होय.

आता कायद्याची स्थिती काय आहे ती पाहू. तपासासाठी पोलिसांना घराची झडती घ्यावयाची असेल, तर साधारणतः न्यायालयाचे वॉरंट लागते. निकड असेल तर तपास अधिकारी वॉरंटाशिवायही झडती घेऊ शकतो. पण तसे करण्यापूर्वी त्याने आपल्या समजुतीची कारणे लिहून ठेवली पाहिजेत आणि कोणती वस्तू शोधावयाची आहे, हेही शक्य तितके नमूद केले पाहिजे. त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर ठेवावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या जुन्या बंधनांत भर घातली आहे. झडतीचे चित्रीकरण आता सक्तीचे झाले असून, वॉरंटाविना घेतलेल्या झडतीच्या नोंदी अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु ही सारी रचना घर, दुकान, कपाट, पेटी यांच्याभोवती उभारलेली आहे. फोन पोलिसांच्या हाती कसा आला याचे चित्रीकरण होईल. तो उघडल्यानंतर त्यात कोणी, काय, किती आणि किती दिवस चाळले, याविषयी संहिता मूकच आहे. उलट तपास अधिकाऱ्याला पुरावा असण्याचा संभव असलेली दळणवळणाची साधने लेखी आदेशाने मागवण्याचा अधिकार मात्र तिने स्पष्ट शब्दांत दिला आहे.

या विसंगतीचे एक उदाहरण तर मोठे विलक्षण आहे. टपाल कचेरीत पडून असलेले एखादे पत्र किंवा पार्सल तपासासाठी हवे असेल, तर पोलिसांना ते आपण होऊन उचलता येत नाही. जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्याय दंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांनी ते हवे असे ठरवले, तरच टपाल खात्याने ते हवाली करावयाचे. पोलीस फार तर ते शोधून हुकूम येईपर्यंत अडवून ठेवण्यास सांगू शकतात. ही तरतूद इंग्रजी अमलातील फौजदारी संहितेत होती, १९७३ च्या संहितेत राहिली आणि २०२३ च्या नव्या संहितेतही कायम आहे. म्हणजे एका लिफाफ्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागते; आणि ज्या फोनात दहा वर्षांची पत्रे, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचे अहवाल आणि कालपरवा आपण कोठे कोठे गेलो याची मिनिटामिनिटाची नोंद साठलेली आहे, तो फोन ठाण्यातील एखाद्या शिपायाच्या अंगठ्याखाली खुला होतो. परक्या सरकारने गुलाम प्रजेच्या पत्राला जेवढा मान दिला, तेवढाही मान स्वतंत्र भारतातील नागरिकाच्या फोनाला मिळू नये, यासारखा दैवदुर्विलास दुसरा कोणता?

झडतीत सापडलेला एक साधा कागद माणसाचे काय करू शकतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. १९०८ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले आणि त्यांच्या पुण्याच्या घराची झडती झाली. खटला होता तो ‘केसरी’तील लेखांबद्दल. परंतु त्या झडतीत एक कार्ड सापडले आणि त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती. फिर्यादी पक्षाने ते कार्ड ज्यूरीपुढे ठेवले. सरकारने नुकत्याच केलेल्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यावर टीका करावयाची, तर त्या विषयाचे वाचन हवे म्हणून आपण ती नावे टिपून ठेवली होती, असा खुलासा लोकमान्यांनी केला. एका संपादकाच्या बाबतीत याहून स्वाभाविक खुलासा तो कोणता असणार? परंतु ते कार्ड खणाच्या अंधारातून न्यायालयाच्या उजेडात येताच त्याचा अर्थ बदलून गेला होता. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. ती केवळ त्या कार्डामुळे झाली, असे कोणी म्हणणार नाही. तथापि खाजगी टिपणाला संदर्भापासून तोडले की त्यातून हवा तो हेतू काढता येतो, हा धडा त्या कार्डाने कायमचा शिकवला आहे. टिळकांच्या खणात असे एक कार्ड निघाले. आजच्या कोणत्याही सुशिक्षित माणसाच्या फोनात अशी हजारो कार्डे असतात: रागाच्या भरात लिहिलेले शब्द, मित्रांची थट्टा, कुतूहलापोटी शोधलेले विषय, न मागता आलेली चित्रे. त्या ढिगातून वेचावयास बसले, तर कोणत्या साधूचा चोर बनवता येणार नाही?

शिवाय कागद खरा की बनावट, हा प्रश्नही आहेच. आणि साताऱ्याइतकी त्याची कडू आठवण दुसऱ्या कोणत्या गावाला असेल? १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, ते सरकारविरुद्ध गुप्त पत्रव्यवहार व कारस्थान केल्याचे आरोप ठेवून. ती पत्रे व त्यांवरील पुरावा बनावट आहे, असे महाराजांचे म्हणणे होते. ते मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेत गेले आणि चौदा वर्षे तेथे झगडले. पण गेलेले राज्य परत आले नाही. आज पत्राची जागा फाइलीने घेतली आहे, एवढाच फरक. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ साली जप्त केलेल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून शिरकाव करून कागदपत्रे घुसवण्यात आली होती, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने २०२१ मध्ये दिला. त्या अहवालाची सत्यासत्यता खटल्यातच ठरावयाची आहे. आम्ही त्यावर निवाडा देऊ इच्छीत नाही. परंतु असा वाद उपस्थित होऊ शकतो, यातच जप्तीच्या क्षणापासून काटेकोर शिस्त का हवी, याचे उत्तर आहे. संगणकशास्त्रात ‘हॅश व्हॅल्यू’ नावाचा एक आकडा असतो. साठवलेल्या मजकुराचे गणित करून तो काढतात आणि त्या मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला, तरी तो आकडा बदलतो. जुन्या काळी लखोट्यावरील लाखेची मोहर जे काम करीत असे, तेच काम हा आकडा करतो. न्यायालयात पुरावा दाखल करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात नव्या साक्ष अधिनियमाने त्याला स्थान दिले आहे, हे योग्यच झाले. परंतु मोहर लावावयाची ती लखोटा हाती येताच; महिनाभर तो ठाण्याच्या कपाटात राहिल्यावर लावलेल्या मोहरेचा उपयोग काय?

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मग पोलिसांनी फोन पाहिला तर बिघडले कोठे?’ असा प्रश्न आमचे अनेक सुशिक्षित वाचक विचारतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, सज्जन माणूसही न्हाणीघराची कडी लावूनच स्नान करतो. त्यावरून तो आत काही पाप करतो आहे, असे कोणी मानीत नाही. खाजगीपणा म्हणजे अपराधाचा बुरखा नव्हे. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. दुसरे असे की, फोनातील सारेच काही फोनवाल्याच्या मालकीचे नसते. पाचगणीचेच उदाहरण घ्या. हे निवासी शाळांचे गाव. येथील एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या फोनात शेकडो मुलांची छायाचित्रे, त्यांच्या आजारांच्या नोंदी आणि दूरदेशीच्या आईबापांनी विश्वासाने कळवलेल्या घरगुती अडचणी असतात. डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी उभारलेले बेल-एअर रुग्णालय येथलेच. पुढे एचआयव्हीबाधितांनाही तेथे आसरा मिळाला. अशा रुग्णालयातील डॉक्टरचा फोन उघडणे म्हणजे ज्यांचे नावही बाहेर फुटू नये, अशा रोग्यांची यादी उघडणे होय. वकिलाच्या फोनात अशिलाचे गुपित असते, वार्ताहराच्या फोनात बातमी देणाऱ्याचे. ‘माझी हरकत नाही’ असे म्हणून फोन पुढे करणारा माणूस वस्तुतः दुसऱ्यांच्या वतीने संमती देत असतो. आणि तो अधिकार त्याला कोणीही दिलेला नसतो.

आणि ठाण्यात दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहर पोलीस ठाण्यात चोरीच्या आरोपावरून आणलेल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेल्याची बतावणी करण्यात आली आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे उघडकीस आले. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल करण्याची पाळी आली. सारे पोलीस दल असे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आम्ही तसे म्हणत नाही. परंतु ज्या चार भिंतींच्या आत असेही घडू शकते, त्या भिंतींच्या आत ‘आरोपीने आपखुशीने पासवर्ड सांगितला’ या पंचनाम्यातील वाक्यावर किती विश्वास ठेवावयाचा, हे वाचकांनीच ठरवावे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, असे घटनेचा विसावा अनुच्छेद सांगतो. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे घेणे म्हणजे साक्ष नव्हे, असे ठरवले. तर २०१० साली सेल्वी प्रकरणात माणसाच्या मनातील गोष्ट नार्को चाचणीने सक्तीने काढून घेता येणार नाही, असा निर्णय दिला. मग पासवर्ड हा ठसा की मनातील गोष्ट? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो साक्ष नव्हे असे म्हटले. दिल्लीच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये तो सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. एकाच देशात, एकाच घटनेखाली, बेंगळूरूचा आरोपी आणि दिल्लीचा आरोपी यांचे हक्क निराळे असावेत काय?

न्यायालयांनी या बाबतीत काही केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ साली खडक सिंग प्रकरणात बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, अशी भूमिका घेतली होती. खडक सिंग प्रकरणात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळा सूर लावला. घटनेत तो शब्द नसला, तरी खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य भाग आहे, हे त्यांचे अल्पमत पंचावन्न वर्षे ग्रंथालयात पडून राहिले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे जाहीर केले. त्यावर सरकारला मर्यादा घालावयाची, तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असा दंडक त्यांनी घालून दिला. त्याच दंडकाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या ऑक्टोबरात विनीत कुमार प्रकरणात केंद्र सरकारचे फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले. लाचेच्या आरोपाचा तपास म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे सांगून बेकायदा टिपलेले संभाषण नष्ट करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. आरोपीने आपला ठावठिकाणा फोनवरून पोलिसांना सतत कळवीत राहावे, अशी अट जामिनासाठी घालता येणार नाही, असे त्याने बजावले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१४ सालीच रायली प्रकरणात एकमुखाने ठरवले की, अटक केलेल्या माणसाचा फोनदेखील पोलिसांनी वॉरंटाशिवाय चाळू नये.

परंतु निकालांनी तत्त्व मिळते. ठाण्यातील शिपायाला नियम लागतो. शिवाय आपल्याकडील न्यायनिर्णयांचीच एक बाजू लंगडी आहे. १९७३ च्या अखेरीस पूरणमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झडती बेकायदा असली, तरी तीत सापडलेला पुरावा तेवढ्याने बाद होत नाही, असे ठरवले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरसंबंधीच्या मलकाणी खटल्यातही टिपलेले दूरध्वनी संभाषण न्यायालयाने ग्राह्य मानले होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, नियम मोडून फोन उघडणाऱ्या अधिकाऱ्याला काही सापडले तर शाबासकी मिळते, आणि काही सापडले नाही तर त्याला कोणी विचारीत नाही. चोरीचा माल चोराकडेच राहू द्यावयाचा आणि वर चोरी करू नये असा उपदेश करावयाचा, यातलाच हा प्रकार झाला.

मग उपाय कोणता? तो पाचगणीतच सापडतो, असे आम्ही म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. २०२० च्या एप्रिलमध्ये सारा देश टाळेबंदीत घरात कोंडलेला असताना दिवाण हाउसिंग फायनान्सचे वाधवान कुटुंब लवाजम्यासह मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरास पोहोचले. गृहखात्याच्या एका उच्चाधिकाऱ्याच्या सहीचे पत्र त्यांच्यापाशी होते. त्या मंडळींना पाचगणीत विलगीकरणात ठेवण्यात आले, ते पत्र वृत्तपत्रांत झळकले, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर जावे लागले आणि चौकशी नेमली गेली. त्या चौकशीतून पुढे काय निष्पन्न झाले, हा येथे प्रश्न नाही. सत्तेच्या त्या वापराला जाब विचारता आला तो कशामुळे? तर त्या पत्रावर तारीख होती, गाड्यांचा तपशील होता आणि सही होती म्हणून. तोच अधिकारी तोंडी शब्दावर वागला असता, तर साऱ्या महाराष्ट्राला कुजबुजण्यापलीकडे काही करता आले नसते. जे लिहिले जाते त्याला सवाल करता येतो. जे लिहिलेच जात नाही त्याला नाही. याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राने पाहिले आहे. राजकीय पुढाऱ्यांचे फोन खोट्या नावांखाली ऐकले गेले, अशी तक्रार २०२१ साली विधानसभेत झाली. २०२२ मध्ये पुणे व मुंबई येथे गुन्हे नोंदवण्यात आले. २०२३ च्या सप्टेंबरात ते उच्च न्यायालयाने रद्द केले. दरम्यान सरकारे बदलली. फोन ऐकले गेले की नाही, गेले तर कोणाच्या शब्दावर, हे नागरिकाला आजही ठाऊक नाही. आमदारांची ही कथा, तर घाटात अडवलेल्या विद्यार्थ्याची दाद कोण घेणार?

म्हणून आमची मागणी अशी आहे. पहिली गोष्ट म्हणजे, दंडाधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय कोणाचाही फोन उघडला जाऊ नये, आणि त्या हुकुमात काय शोधावयाचे, कोणत्या काळातील मजकूर पाहावयाचा व कोणत्या गुन्ह्यासाठी, हे स्पष्ट नमूद असावे. जीव धोक्यात असेल, अपहृत मूल शोधावयाचे असेल, अशा निकडीच्या प्रसंगी अधिकाऱ्याने कारणे लिहून फोन पाहावा आणि अठ्ठेचाळीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे त्याचा जाब द्यावा. दुसरी गोष्ट, नाक्यावर किंवा रस्त्यात फोन दाखवण्यास नकार देणे हा संशयाचा आधार मानला जाऊ नये. तिसरी, फोन जप्त होताच तज्ज्ञाकडून त्याची नक्कल काढून हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात नोंदवावी, मालकाला तिची लेखी प्रत द्यावी आणि शक्य तितक्या लवकर फोन परत करावा. आज माणसाची उपजीविकाच त्यावर चालते. महिनोन्महिने तो अडकवून ठेवणे ही खटल्याआधीची शिक्षाच होय. चौथी, गुन्ह्याशी संबंध नसलेला मजकूर मोहरबंद करून नष्ट करावा आणि तो बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. २०२० साली एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर मुंबईतील तपासातील खाजगी संभाषणे आठवडेच्या आठवडे दूरचित्रवाणीवर वाचून दाखवली गेली. तो तमाशा कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लाज आणणारा होता. आणि पाचवी, हे नियम मोडून मिळवलेला पुरावा न्यायालयाने नाकारावा.

यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. पोलीस हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्राचे गृहखाते उद्या एका परिपत्रकाने पहिल्या चार गोष्टी आपल्या पोलीस ठाण्यांना बंधनकारक करू शकते. फौजदारी कार्यपद्धती हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने, विधिमंडळाने मनावर घेतले, तर राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यापुरती दुरुस्तीही करता येईल. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ च्या त्याच निकालात फोनाच्या झडतीसाठी वॉरंट व तज्ज्ञाची उपस्थिती यांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने याहून स्पष्ट नियम घालून द्यावेत, अशी अपेक्षा करणे गैर नाही. पत्रकारांच्या साधनांच्या जप्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात नियमांची निकड व्यक्त केली, तेव्हा केंद्र सरकारने तूर्त सीबीआयची नियमपुस्तिका पाळू, असे सांगून वेळ मारून नेली. त्याच वर्षी झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने तर गुन्ह्यांच्या तपासाला आपल्या बहुतेक बंधनांतून मोकळेच सोडले आहे. तेव्हा जे संरक्षण मिळवावयाचे ते झडतीच्या कायद्यातूनच मिळवले पाहिजे.

काही मंडळी म्हणतील की, हे सारे परदेशी खूळ आहे. त्यांना आम्ही एका भारतीय दस्तऐवजाची आठवण करून देऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात, नागरिकांचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना गैरवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम स्पष्टपणे घातले होते. १९४८ च्या डिसेंबरात मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी त्याच आशयाची दुरुस्ती घटना समितीत मांडली आणि ती स्वीकारण्याची तयारी डॉ. आंबेडकरांनी दर्शवली. तरीही ते कलम घटनेत आले नाही. त्या दिवशी राहून गेलेले काम पूर्ण करण्याची ही वेळ आहे. बाबासाहेबांनी ‘कागदपत्रे’ हा शब्द लिहिला, तेव्हा ती कपाटात असत. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहेत. शब्द तोच आहे आणि त्यामागचा माणूसही तोच आहे. सरकारने टपाल कचेरीतील लिफाफ्यापुढे जी अदब दाखवली, तीच या खिशातील घरापुढे दाखवावी आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी न्यायाधीशाचा लेखी हुकूम हाती घ्यावा. महाराष्ट्र सरकारने येत्या अधिवेशनाची वाट न पाहता ते परिपत्रक काढावे, असे आमचे त्याला स्पष्ट सांगणे आहे.